हातात रंधा घेताना

तीस-पस्तीस वर्षे पहाटे पाचला उठून कामावर जाणारा माणूस एक दिवस निवृत्त होतो. शाल, पुष्पगुच्छ, चार चांगली भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचलाच जाग येते, पण हाताला काम नसते. दिवस कसाबसा जातो. संध्याकाळ मात्र जात नाही. कोणी टीव्हीसमोर बसतो, कोणी मोबाइलवर, आणि कोणाची पावले गुत्त्याकडे वळतात. सहा महिन्यांत वजन वाढते, शुगर वाढते, घरातली चिडचिड वाढते. असे एक तरी काका आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत.

त्याच घरातले दुसरे चित्र पाहा. सातवीतली नात जमिनीवर पालथी पडून, नाहीतर पत्र्याच्या डब्यावर वही ठेवून अभ्यास करते. तासाभराने मान अवघडते, पाठ दुखते, मग ती उठून जाते. आपल्याला वाटते, पोरीचे अभ्यासात लक्ष नाही.

या दोन्ही अडचणींना उपयोगी पडेल असा एक छंद आज सांगायचा आहे. रंधा, करवत, पटाशी अशा हाताच्या अवजारांनी, विजेच्या यंत्राविना, घरापुरते सुतारकाम करणे. पहिली वस्तू करायची ती नातीसाठी अभ्यासाचा बुटका डेस्क. या छंदाचा फायदा कशात आहे आणि धोका कुठे आहे, दोन्ही नीट समजून घेऊ.

शरीराला आणि मनाला काय मिळते?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करायला सांगते. शिवाय आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंना ताकद देणारे काम असावे असेही सांगते. वस्तीत चालायला मोकळी जागा नसते, जिमची फी परवडत नाही. रंधा मारताना आणि करवत चालवताना खांदे, दंड, पाठ, मांड्या अशा सगळ्यांना काम मिळते. श्वास थोडा वाढतो, घाम येतो. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस काम केले की १५० मिनिटे होतात. चालणे होत असेल तर ते सोडू नका. हे त्याच्या जोडीला ठेवा.

मनाचे म्हणाल तर, धारदार पटाशी हातात असताना माणूस दुसरा विचार करू शकत नाही. लक्ष रेघेवर ठेवावेच लागते. फोन खिशात राहतो. आणि तासाभराने डोळ्यांना दिसेल असे काहीतरी तयार होते. निवृत्त माणसाला 'आज मी काय केले' याचे उत्तर मिळणे ही लहान गोष्ट नाही.

हा विचार नवा नाही. युरोपात स्वीडन देशात, नेस या ठिकाणी, ओटो सालोमन नावाच्या शिक्षकाने १८७० च्या दशकात शाळाशिक्षकांना लाकूडकाम शिकवायला सुरुवात केली. या पद्धतीला तिकडे 'स्लॉइड' म्हणतात. मुलांना सुतार बनवणे हा तिचा हेतू नव्हता. लक्ष, नीटनेटकेपणा, शरीराची योग्य ठेवण आणि कष्टाबद्दल आदर हे गुण हाताच्या कामातून येतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा एक नियम आपणही घ्यावा. शिकताना जे करायचे ते घरात वापरता येईल असेच करायचे, उगाच लाकडाचे तुकडे जोडत बसायचे नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दारूचे व्यसन जडले असेल किंवा मन सतत उदास असेल, तर रंधा हे त्यावरचे औषध नव्हे. त्यासाठी डॉक्टर आणि व्यसनमुक्तीचे उपचारच हवेत. छंद संध्याकाळची रिकामी वेळ भरतो, एवढेच. पण तेवढ्यानेही काहींचा पाय मागे फिरतो. आणि दारू घेतलेल्या हाताने अवजाराला स्पर्शही करायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा.

'आपण कुठे सुतार आहोत?'

हा प्रश्न घरातले कोणीतरी विचारणारच. गावगाड्यात एकेक अवजार एकेका जातीला बांधून दिलेले होते. ज्याच्या हाती जे आले ते त्याने जन्मभर करायचे, आणि दुसऱ्याच्या अवजाराला हात लावायचा नाही. जातिव्यवस्था ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' मध्ये दाखवून दिले. म्हणून आज आपण स्वतःच्या मर्जीने रंधा उचलतो आणि मर्जीने खाली ठेवतो, यातही एक मोकळेपणा आहे. मुलांनी शिक्षण सोडून हे करावे असे कोणी म्हणत नाही. उलट हा डेस्क अभ्यासासाठीच करायचा आहे.

बाया-मुलींनीही मागे राहू नये. हाताच्या अवजाराला ताकदीपेक्षा धार लागते. धार असेल तर बारीक हाडापेराची बाईसुद्धा फळी गुळगुळीत करते. धार नसेल तर पैलवानही थकतो.

हाताचीच अवजारे का?

विजेची करवत आणि घासायचे मशीन काम लवकर उरकते, हे खरे. पण दहा बाय दहाच्या खोलीत ती आणू नयेत. कानठळ्या बसवणारा आवाज, वायरीचा गुंता आणि अपघाताचा धोका ही कारणे आहेतच. सर्वांत मोठे कारण मात्र बारीक धूळ.

लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये जाहीर केले आहे. नाक आणि नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांचा हा कर्करोग असतो. वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्या कारागिरांना त्याचा धोका अधिक. छंद म्हणून थोडे काम करणाऱ्याने घाबरून जायचे कारण नाही, पण निष्काळजी राहायचेही कारण नाही. त्याच खोलीत बाळ झोपते, आजीला दमा असतो. धूळ त्यांच्याही नाकात जाते.

इथेच रंध्याचा मोठेपणा कळतो. मशीन किंवा पॉलिश पेपर लाकूड घासतो, त्याची पिठासारखी धूळ होते आणि ती हवेत तरंगते. धारदार रंधा लाकूड सोलतो. कागदासारखी पातळ, गुंडाळलेली सोलपटे पायाशी पडतात. ती हवेत उडत नाहीत, फुप्फुसात जात नाहीत, झाडूने गोळा होतात. म्हणून या छंदाचा पहिला नियम असा की जिथे सोलता येते तिथे घासायचे नाही.

करवतीचा भुसा मात्र पडतोच. तेव्हा काम दाराबाहेर, गच्चीवर किंवा विहाराच्या आवारात परवानगी घेऊन करावे. वारा पाठीकडून यावा. पॉलिश पेपर वापरावाच लागला तर एन-९५ मास्क घालावा. साधा रुमाल बारीक धूळ अडवत नाही. काम झाल्यावर कोरडा झाडू मारून धूळ उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. जेवायच्या आधी हातपाय धुवावेत, कपडे बाहेर झटकावेत.

सागवान आणि शिसवीच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येते. दम्याचा त्रास असणाऱ्याला कोणत्याही लाकडाच्या धुळीने धाप लागू शकते. असे झाले तर काम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

अवजारे थोडी, पण धारेची

सुरुवातीला एवढेच पुरे: एक हातकरवत, एक रंधा, अर्धा इंची आणि पाऊण इंची अशा दोन पटाशा, लाकडी मोगरी, हातोडी, गुण्या, मीटर टेप, पेन्सिल, लाकूड धरायला दोन क्लॅम्प आणि धार लावायचा दगड. हातोडी खिळ्यासाठी आणि मोगरी पटाशीसाठी, ही अदलाबदल करू नका. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार अशा ठिकाणी जुनी अवजारे मिळतात. गंज वरवरचा असेल तर चालते. पात्याला तडा असेल किंवा दांडा हलत असेल तर घेऊ नका.

धार लावायला मात्र माणसाकडूनच शिका. वस्तीत फर्निचरचे काम करणारा एखादा कारागीर असतोच. रविवारी त्याच्याकडे जाऊन बसा, 'दादा, पाते दगडावर कसे धरायचे ते दाखवा' म्हणा. साधारण ३० अंशाच्या कोनात पाते दगडावर फिरवतात, मग मागची सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून कोर काढतात. धार आली की नाही हे अंगठ्याने तपासू नका. कागदाची कड कापून पाहा. सरळ कापली तर धार आली.

बोथट अवजार कमी धोक्याचे, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो. जोर लावला की ती निसटते आणि मग हात आडवा येतो. धारदार पटाशी थोड्या जोरात, जिथे हवी तिथेच जाते.

लाकूड पारखून घ्या

शिकण्यासाठी मऊ लाकूड बरे. माल उतरवायच्या पॅलेटच्या किंवा पेटीच्या पाइनच्या फळ्या भंगारवाल्याकडे स्वस्त मिळतात. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या कणसाचे चित्र आणि इंग्रजी अक्षरांचा शिक्का असतो. 'एच' आणि 'टी' ही अक्षरे असतील तर कीड मारण्यासाठी ते लाकूड फक्त तापवलेले आहे. ते घ्यायला हरकत नाही. 'एम' आणि 'बी' ही अक्षरे असतील तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली आहे. ते सोडून द्या. शिक्का काहीही असो, तेलाचे किंवा रसायनाचे डाग असलेली फळी, उग्र वास येणारी फळी घरात आणू नका.

आणखी तीन गोष्टी टाळा.

पहिली, जुन्या रंगवलेल्या दार-खिडक्या. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगातील शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. असा रंग खरवडला किंवा घासला की शिशाची धूळ होते. ती लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते.

दुसरी, रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर. ते कुजू नयेत म्हणून त्यांना डांबरी तेल पाजलेले असते. ते तेल कातडीला आणि फुप्फुसाला वाईट.

तिसरी, एमडीएफ आणि हलके प्लायवूड. त्यांच्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असते, आणि कापल्यावर पिठासारखी धूळ होते. ती रंध्याने सोलण्याची वस्तूच नव्हे.

यांतले तुकडे चुलीत किंवा पाणी तापवायच्या बंबातही घालू नका. त्यांचा धूर विषारी असतो. बिनरंगाच्या लाकडाची सोलपटे मात्र चूल पेटवायला उत्तम.

पहिले काम : अभ्यासाचा डेस्क

मुलीला मांडी घालून ताठ बसवा. कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजा. त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवा. ही डेस्कची उंची. प्रत्येक मुलाची उंची वेगळी, म्हणून बाजारच्या मापावर जाऊ नका. मांडीचे गुडघे खाली मावतात ना, तेही पाहा.

वरची फळी ६० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद ठेवा. १० सेंटिमीटर रुंदीच्या चार फळ्या शेजारी-शेजारी बसवल्या की झाले. खाली दोन बाजूंना दोन चौकटी येतील. प्रत्येक चौकटीला दोन उभ्या आणि दोन आडव्या पट्ट्या, ५ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर जाड. वरच्या फळीची जाडी उंचीतून वजा करून चौकट कापा.

जिथे उभी पट्टी आडव्या पट्टीला मिळते तिथे दोन्ही पट्ट्यांची अर्धी जाडी कापून काढायची. दोन सेंटिमीटर जाडीतली एक सेंटिमीटर ह्या पट्टीची, एक त्या पट्टीची. मग दोन्ही एकमेकींत बसतात आणि वर-खाली होत नाहीत. आधी करवतीने रेघेच्या आतल्या बाजूला एक सेंटिमीटर खोल काप घ्या, मग पटाशीने मधला भाग थोडा-थोडा उडवा. एका घावात सगळे काढायला जाऊ नका. गोंद लावा, क्लॅम्पने आवळा, रात्रभर राहू द्या.

दोन्ही चौकटी तयार झाल्या की मागच्या बाजूने त्यांना एक रुंद फळी आडवी जोडा. तिच्यामुळे डेस्क डुलत नाही. पुढची बाजू गुडघ्यांसाठी मोकळी ठेवा. शेवटी वरच्या फळ्या गोंद आणि खिळ्यांनी बसवा. खिळ्यांची डोकी आत दाबा, म्हणजे कोपराला लागणार नाहीत. कडा आणि कोपरे रंध्याने गोल करा.

फळीला रंधा मारताना लाकडाचे रेषे कोणत्या दिशेने जातात ते पाहा. रंधा सरसर चालला आणि पृष्ठभाग चकाकला तर दिशा बरोबर. अडखळला, लाकूड उचकटले, तर फळी उलटी फिरवा. पहिला डेस्क वाकडातिकडा होईल. होऊ द्या. रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवडे लागतील. घाई असेल तर बाजारातून आणा, पण मग हा छंद नव्हे.

शरीर कसे ठेवावे?

आपले कारागीर जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम करतात. सवय असेल तर ते ठीक. नवशिक्याने पायाने लाकूड धरू नये, क्लॅम्पच वापरावा. गुडघे दुखत असतील तर उभ्याने काम करा. हात सरळ खाली सोडल्यावर मनगट जिथे येते, साधारण तेवढ्या उंचीचे बाक हवे. एक पाय पुढे, एक मागे ठेवा. रंधा नुसत्या हाताने ढकलू नका, पायांनी अंग पुढे न्या.

पटाशी चालवताना दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे असावेत. पुढे हात, मांडी, पोट काहीही नको. करवत सुरू करताना पहिले दोन-तीन काप हलकेच मागे ओढून घ्या. दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबा, पाणी प्या, खांदे फिरवा. बोटांना मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, तर काम बंद ठेवून डॉक्टरांना दाखवा. हृदयाचा आजार किंवा बीपी असेल तर सुरू करण्यापूर्वीच विचारा. छातीत दुखले, दम कोंडला, घाम फुटला तर अवजार खाली ठेवून लगेच रुग्णालय गाठा.

मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी काम करू नये. पायाची जाणीव कमी झालेली असते, कुसळ किंवा खिळा रुतलेला कळत नाही, आणि जखम चिघळते. बंद चप्पल-बूट घाला, रोज रात्री तळपाय पाहा. उपाशीपोटी काम नको.

जखम झालीच तर

हात कापला तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. मधेमधे उघडून पाहू नका. हळद, चुना, कॉफी पावडर यातले काहीही भरू नका. रक्त थांबले की साबणपाण्याने धुवा. जखम खोल असेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर टाके घालायला जावे लागेल. धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते डॉक्टरांना सांगा. मुलांना १० आणि १६ वर्षांची झाल्यावर ही लस सरकारी केंद्रात मिळते, ती चुकवू नका.

बोटाचा तुकडा तुटला तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, आणि ती पिशवी बर्फावर ठेवून सोबत न्या. तुकडा थेट बर्फात टाकू नका. डोळ्यात कण गेला तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. काही रुतले असेल तर काढायला जाऊ नका, डोळा न दाबता झाकून रुग्णालयात जा.

शेवटचे फडके

डेस्कला जवसाचे तेल लावले तर लाकूड टिकते आणि सुंदर दिसते. पण तेल लावलेली चिंधी हा मोठा धोका आहे. हे तेल वाळताना उष्णता निर्माण होते. चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आत कोंडते आणि काडी न लावताही चिंधी पेटू शकते. पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या आपल्या घरांत एक ठिणगी पूर्ण गल्ली जाळते. म्हणून चिंधी पाण्याच्या बादलीत भिजवा, नाहीतर बाहेर तारेवर एकेरी पसरून पूर्ण वाळू द्या.

अवजारे पेटीत ठेवून कुलूप लावा, पाती झाकून ठेवा. ठोकाठोकी दुपारी झोपेच्या वेळी आणि रात्री करू नका. शेजारी नाराज झाले तर छंद आठवडाभरही टिकणार नाही. शक्य असेल तर चार घरांनी मिळून अवजारांची एक पेटी घ्या. एकटे काम करण्यापेक्षा सोबत असणे सुरक्षितही असते.

डेस्क तयार झाला की नातीला त्यावर बसवा. मान सरळ राहते का, कोपर टेकतात का, ते पाहा. वर्षभरात ती उंच होईल आणि हा डेस्क तिला बुटका पडेल. तेव्हा तो शेजारच्या घरातल्या लहान मुलाला द्या, आणि काकांना पुन्हा टेप घेऊन माप काढायला सांगा. तोवर त्यांचा हात चांगलाच बसलेला असेल.